जुन्या गाडीचा हेडलाइट: बल्ब विकत घेण्याआधी काय काय तपासायचं

जुन्या गाडीचा हेडलाइट गेला की आपण थेट दुकान गाठतो आणि नवा बल्ब घेऊन येतो. कधी तेवढ्यानं भागतंही. भागलं नाही की जास्त वॉटचा बल्ब येतो, मग रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा खटका) येतो, मग कुणीतरी स्विच बदलायला सांगतं. खर्च वाढत जातो आणि खरा दोष बॉडीवरच्या एखाद्या गंजलेल्या अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीच्या, बोल्टात तसाच राहतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे जास्त घडतं, कारण गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा या पट्ट्यात चार महिने गाडी नीट वाळतच नाही. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीच्या प्रत्येक सांध्यात तितके पावसाळे मुरलेले असतात. म्हणून जुन्या गाडीत पहिला संशय सांध्यांवर आणि अर्थिंगवर घ्यायचा, आणि वस्तू विकत घ्यायची ती तपासून झाल्यावरच.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा. दिवा लागतो पण पिवळा, मरगळलेला उजेड देतो, हाही बिघाडच आहे. ‘चालतंय की’ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नव्हे. गळीत हंगामात रात्री कागल, शिरोळ, करवीरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात. कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला असतो. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून रात्रपाळी करून सायकलवर, मोटरसायकलवर परतणारी माणसं असतात. ती दिसायला हवीत, आणि वेळेत दिसायला हवीत.

आधी नुसतं बघा

पाना हातात घेण्याआधी अंधारात गाडी एखाद्या भिंतीसमोर उभी करा आणि डिप्पर (जवळचा उजेड), अप्पर (लांबचा उजेड), पार्किंग, इंडिकेटर, ब्रेक असं एकेक लावून बघा. सोबत कुणीतरी असलं तर उत्तम. काय लागतं, काय लागत नाही आणि काय अर्धवट लागतं हे कागदावर लिहा. या पाच मिनिटांत निम्मा शोध संपतो.

एकाच बाजूचा दिवा पूर्ण बंद आणि दुसरी बाजू ठणठणीत असेल, तर दोष बहुतेक त्याच बाजूला आहे: बल्ब, होल्डर किंवा तिथली अर्थ. काही गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला वेगळे फ्यूज असतात, तेही लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंचं डिप्पर गेलं आणि अप्पर चालू असेल, तर डिप्परचा फ्यूज, रिले असल्यास रिले, आणि अप्पर-डिप्परचा स्विच बघायचा. पण त्याआधी दोन्ही बल्ब काढून आतली तार बघा; एकाच बल्बात डिप्परची आणि अप्परची अशा दोन तारा असतात. एका बाजूची डिप्परची तार महिन्यापूर्वीच तुटलेली असते, कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, आणि दुसरी तुटली की एकदम दोन्ही गेल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंचं सगळंच गेलं असेल तर फ्यूज, रिले, मुख्य स्विच किंवा बॅटरीकडून येणारी मुख्य वायर.

एक लक्षण मात्र फसवं आहे. डिप्पर लावलं की एका बाजूला बल्बच्या दोन्ही तारा मंद लालसर पेटतात, आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही किंचित उजळतो. बघणारा म्हणतो, ‘वायरिंग शॉर्ट झालंय.’ शॉर्ट झालेलं नसतं. त्या बाजूची अर्थ तुटलेली असते. डिप्परच्या तारेतून आलेल्या करंटला परत जायला वाट नसते, म्हणून तो अप्परच्या तारेत उलटा शिरतो आणि पलीकडच्या बल्बमधून, नाहीतर निळ्या दिव्यातून अर्थ शोधतो. इंडिकेटर लावल्यावर हेडलाइट त्याच ठेक्यात लुकलुकत असेल, तर तेही दोघांची सामाईक अर्थ ढिली झाल्याचं लक्षण. अशा वेळी बल्ब किंवा फ्यूज बदलून काही होणार नाही.

खड्ड्यात गाडी आपटली की दिवा जातो आणि पुन्हा येतो, असं असेल तर होल्डर ढिला आहे किंवा वायर प्लास्टिकच्या आत तुटलेली आहे. बॉनेटच्या बिजागरीजवळ, स्टिअरिंगच्या खाली आणि रेडिएटरच्या पट्टीवरून जिथं वायर वळते तिथं बोटांनी हलवून बघा. तुटलेल्या जागी वायर अंमळ लुळी लागते.

लागणारं सामान

फार काही नको. १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा, थोडी पेट्रोलियम जेली, साधा डिजिटल मल्टीमीटर आणि टेस्ट लॅम्प. घरात भिंतीचा प्लग तपासायला वापरतो तो निऑनचा टेस्टर इथं चालत नाही. १२ व्होल्टवर तो पेटतच नाही, आणि ‘करंट येत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

टेस्ट लॅम्प घरीच करा. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन वायरी, एका टोकाला मगरचिमटा आणि दुसऱ्या टोकाला जाड सुई. मल्टीमीटर असताना याची गरज काय, असं वाटेल. गरज आहे, आणि मोठी आहे. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शिल्लक असली, किंवा सांध्यावर हिरवी बुरशी चढली असली, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. टेस्ट लॅम्प करंट ओढतो. वाट खराब असेल तर तो मंद पेटतो, आणि दोष डोळ्यांना दिसतो. मोटर नदीवर जोरात चालत असली तरी पाइप मधेच चोंदला असेल तर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, तसंच हे आहे. मोटरजवळ प्रेशर मोजून उपयोग नाही, सरीत पाणी सोडूनच बघावं लागतं.

बॅटरीपासून सुरुवात

गाडी काही तास बंद ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. चांगली चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मोजमापं चुकतील. मग इंजिन चालू करून थोडं रेस करा. १३.८ ते १४.४ च्या आसपास आकडा हवा. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा), बेल्ट किंवा त्याच्या वायरी बघायला हव्यात, हेडलाइट निर्दोष आहे. उलट १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) गेला आहे. तुमचे बल्ब वारंवार का उडतात त्याचं उत्तर इथंच मिळालं. दोन्ही दिवे मंद आणि रेस केल्यावर उजळतात, ही तक्रारही बहुधा बॅटरीच्या टोकांवरच संपते. टर्मिनलवर पांढरा-निळसर क्षार साचला असेल तर खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ब्रशनं धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून जेली लावा.

टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. हे मोडू नका. पॉझिटिव्हवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात आणि हात भाजतो.

बल्ब आणि होल्डर

आता बल्ब. बऱ्याच जुन्या गाड्यांत एच-फोर जातीचा हॅलोजन बल्ब असतो, १२ व्होल्ट ६०/५५ वॉटचा: अप्परला ६०, डिप्परला ५५. दिवा नुकताच बंद केला असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा, काच भयंकर तापलेली असते. होल्डर ओढताना वायर धरून ओढू नका, होल्डरच धरून डावी-उजवीकडे हलवत काढा. रबरी टोपी काढा, स्प्रिंगची तार कशी अडकली आहे ते नीट बघून ठेवा, मग बल्ब बाहेर घ्या.

तार तुटलेली डोळ्यांना दिसते, पण नेहमी नाही. मीटरच्या बीपवर अर्थची पिन आणि बाकी दोन पिना तपासा. दोन्हींत बीप यायला हवा. काच आतून काळी किंवा दुधाळ झाली असेल तर बल्ब चालू असला तरी बदला. नवा बल्ब लावताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागला तर स्पिरिटनं पुसून कोरडा करा. बल्बच्या कॉलरला तीन कान असतात आणि ते एकाच पद्धतीनं बसतात. जबरदस्तीनं वाकडा बसवला तर उजेड आभाळात किंवा समोरच्याच्या डोळ्यांत जाईल.

होल्डर आता टॉर्चच्या उजेडात बघा. आतल्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या आहेत का, प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं आहे का, वायर मागून कडक झाली आहे का? ढिल्या पट्टीवर उष्णता तयार होते, उष्णतेनं पट्टी आणखी ढिली होते, आणि हे चक्र होल्डर जळेपर्यंत चालतं. नुसतं कार्बन असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, बारीक पॉलिश पेपरची पट्टी आत फिरवून काढा. प्लास्टिक वितळलं असेल तर घासत बसू नका, होल्डर बदला. शक्य असेल तर सिरॅमिकचा घ्या, थोडा महाग पडतो पण वितळत नाही. नवा होल्डर जोडताना वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका. आपल्या पावसात तो टेप दोन वर्षांत चिकट होऊन सुटतो आणि आत हिरवळ चढते. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून किंवा सोल्डर करून, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा.

करंट येतो का, आणि परत जातो का

हा भाग सावकाश करा. सगळ्या लेखातला मुख्य भाग हाच आहे.

दोन्ही बाजूंचे होल्डर बल्बवरून काढून ठेवा. एक बाजू बल्बला लागलेली राहिली तर त्या बल्बमधून उलटा करंट येऊन गोंधळ होतो. टेस्ट लॅम्पचा चिमटा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. बॉडीला नाही, कारण संशय बॉडीच्या अर्थवरच आहे. डिप्पर लावा आणि होल्डरच्या तिन्ही खाचांत सुई लावून बघा. एका खाचेत लॅम्प लख्ख पेटेल, ती डिप्परची. अप्पर लावल्यावर दुसरी पेटेल. तिसरी कधीच पेटणार नाही, ती अर्थ. आता चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला न्या आणि सुई त्या तिसऱ्या खाचेत लावा. लॅम्प तितकाच लख्ख पेटला तर अर्थ चांगली. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर चोर सापडला.

इथं एक मेख आहे. जपानी रचनेच्या काही गाड्यांत उलटी पद्धत असते: बल्बच्या सामाईक पिनेवर पॉझिटिव्ह येतो आणि अप्पर-डिप्परचा स्विच अर्थ देतो. अशा गाडीत पहिल्या तपासणीत एकच खाच डिप्परलाही पेटते आणि अप्परलाही. बाकी दोन पेटत नाहीत. ते बघून ‘दोन वायरी तुटल्या’ असं समजू नका. चिमटा पॉझिटिव्हला लावून बघा, निवडलेल्या बीमची खाच पेटली तर सगळं ठीक. तुमच्या गाडीत कुठली पद्धत आहे हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, रिले बसवताना ते पुन्हा लागेल.

दिवा पूर्ण बंद असेल तर एवढ्यानं दिशा कळते. मंद असेल तर व्होल्ट कुठं गळतात ते मोजायचं. आता बल्ब जोडलेलेच ठेवा आणि डिप्पर लावा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, आणि काळं टोक होल्डरच्या मागून, वायरीच्या बाजूनं बारीक टाचणी आत सरकवून डिप्परच्या पट्टीला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, एक-दीड आला तर वाट खराब. मग काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल टोक होल्डरच्या अर्थ पट्टीवर. इथं ०.२ च्या वर आकडा नको. उलट पद्धतीच्या गाडीत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथली गळती याच बाजूला दिसेल.

एका व्होल्टसाठी एवढा खटाटोप कशाला? हॅलोजन बल्बला व्होल्ट १० टक्के कमी मिळाले की उजेड साधारण ३० टक्के घटतो. बॅटरीवर साडेबारा आणि बल्बवर साडेदहा असेल, तर तुम्ही जवळजवळ अर्ध्या उजेडात करूळ घाट उतरताय. बल्ब कितीही नामांकित कंपनीचा असो, त्याला हे व्होल्ट मिळाले नाहीत तर तो बिचारा काय करणार?

अर्थिंग नीट करणं

हेडलाइटच्या होल्डरपासून काळी किंवा गाडीच्या रंगसंगतीप्रमाणे ठरलेली वायर धरून मागे मागे जा. ती बहुधा रेडिएटरच्या पट्टीवर किंवा फेंडरच्या आत एका बोल्टला मिळते. बोल्ट उघडा. थिंबलखाली गंज, चिखल, आणि पुन्हा रंगवलेली गाडी असेल तर रंगाचा थर सापडतो. डेंटिंग-पेंटिंग करताना अर्थच्या जागा झाकायचं कुणी लक्षात ठेवत नाही. रंगकामानंतर हेडलाइट मंदावला असेल तर सरळ इथंच या. पत्र्यावरची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल घासा किंवा नवं लावा, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळा. जेली वरून लावायची, खाली नव्हे: आधी धातूला धातू भिडला पाहिजे.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या जाड पट्ट्याही याच वेळी उघडून घासा. पत्रा फारच कुजला असेल तर त्याच्याशी झगडत बसू नका. दोन्ही हेडलाइटच्या अर्थ वायरी एकत्र करून २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. खर्च नगण्य, आणि जुन्या गाडीवर याच्याइतका गुण देणारं दुसरं काम मला माहीत नाही.

फ्यूज आणि स्विच

फ्यूज नुसता बघून ठेवून देऊ नका. पाती फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. दिवे लावून दोन्हींवर टेस्ट लॅम्प पेटला पाहिजे. एकावर पेटला आणि दुसऱ्यावर नाही, तर फ्यूज गेला. जुन्या गाडीत काचेचे किंवा सिरॅमिकचे फ्यूज असतील तर टोपी आणि पकड यांच्यामध्ये गंज असतो. फ्यूज जागेवर फिरवला आणि दिवा आला, तर तिथलं घासायला हवं.

नवा फ्यूज तितक्याच अँपियरचा. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी किंवा तांब्याची तार गुंडाळून फ्यूज ‘पक्का’ करण्याची सवय घातक आहे. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती डॅशबोर्डच्या आत जळते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर नवे फ्यूज वाया घालवू नका. दोन्ही होल्डर बल्बवरून काढा, उडालेला फ्यूज बाहेर काढा आणि त्याच्या दोन खाचांमध्ये टेस्ट लॅम्प जोडा. दिवे लावा. लॅम्प पेटला तर वायर कुठंतरी बॉडीला टेकते आहे. आता हार्नेस (वायरीचा जुडगा) हातभर हातभर हलवत पुढं जा. ज्या जागी लॅम्प विझेल किंवा लुकलुकेल, तिथं टेप सोडा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथलं रबर गळून पडलेलं असतं, किंवा उंदरानं वायर कुरतडलेली असते. गोठ्याशेजारी, गुऱ्हाळाजवळ किंवा भाताच्या कणगीजवळ गाडी लागत असेल तर उंदीर आधी आठवा.

स्विचचं निदान सोपं आहे. बोटानं दाबून धरलं की दिवा येतो, सोडलं की जातो. किंवा खटका गरम लागतो. किंवा प्लास्टिक जळल्याचा वास येतो. असा स्विच उघडून घासला तर थोडे दिवस चालतो. पण दोन बल्बांचा नऊ-दहा अँपियर करंट त्याच्या बारीक टिकल्यांतून जात राहिला तर पुन्हा तेच होणार. म्हणून जुन्या गाडीत जिथं मुळात रिले नाही, तिथं तो बसवायचा.

रिले बसवणं

रिलेवर चार आकडे असतात: ३०, ८७, ८५, ८६. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर निघते, बॅटरीपासून वीतभर अंतरावरच १५ अँपियरचा फ्यूज लागतो, आणि ती ३० ला जाते. ८७ वरून दोन्ही बल्बांच्या डिप्परच्या पिनांना वायर जाते. ८६ ला एका बाजूच्या जुन्या होल्डरची डिप्परची वायर आणि ८५ ला अर्थ. अप्परसाठी असाच दुसरा रिले, त्याचा वेगळा फ्यूज. एकाच फ्यूजवर दोन्ही टाकू नका. घाटात तो उडाला तर एकदम काळोख होईल. उलट पद्धतीच्या गाडीत बल्ब नेहमीच्या पद्धतीनं जोडायचे, पण रिलेच्या ८६ ला जुन्या होल्डरची सामाईक पॉझिटिव्ह आणि ८५ ला स्विचकडून येणारी डिप्परची वायर. आता स्विचमधून अँपियरचा थोडासा अंशच जातो आणि बल्बला बॅटरीचे जवळजवळ सगळे व्होल्ट मिळतात.

रिले पिना खाली करून लावा, म्हणजे पाणी आत साचणार नाही. वायरी रेडिएटरच्या पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर, नळीतून न्या. तयार हार्नेसही मिळतो, पण घेण्याआधी त्याची वायर हातात धरून बघा. वर जाड प्लास्टिक आणि आत चार केस, असाही माल बाजारात असतो.

१०० वॉटचे बल्ब आणि एलईडी

व्होल्ट न मोजता ९०/१०० वॉटचे बल्ब घालणं हा उपाय नाही. एका बल्बला आठ अँपियरच्या वर लागतात, जुनी वायर आणखी व्होल्ट खाते, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढं अंधारी येते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकण्याबद्दलही माझं मत स्पष्ट आहे: नको. एच-फोरमध्ये डिप्परच्या तारेखाली छोटी धातूची वाटी असते, तीच उजेडाला वर जाण्यापासून अडवते. तार आणि वाटीची जागा रिफ्लेक्टरच्या हिशेबानं ठरलेली असते. एलईडीचे ठिपके नेमके त्या जागी नसले की उजेड पांढरा दिसतो, पण तो पसरतो आणि धुक्यात आंबा घाटात आपल्याच डोळ्यांवर उलटून येतो. चांगल्या वायरिंगवर साधा ६०/५५ चा बल्ब पुरेसा पडतो.

पुरात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी गाड्यांच्या बॉनेटपर्यंत गेलं. त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन, दुरुस्त करून आजही रस्त्यावर आहेत, काही विकल्याही गेल्या. अशा गाडीत दोष एका जागी नसतो. गाळ कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या) आत बसलेला असतो, आणि वायरीचं तांबं प्लास्टिकच्या आत वीतभर काळं पडलेलं असतं. जुनी गाडी विकत घेताना हेडलाइटच्या होल्डरमागची वायर थोडी सोलून बघा. तांबं चकचकीत नसून काळंकुट्ट असेल तर सांधे घासत बसण्यापेक्षा पुढचा हार्नेस नवा घालणं स्वस्त पडतं.

स्कूटर आणि मोटरसायकल

जुन्या बजाज चेतकसारख्या स्कूटरचा आणि शंभर सीसीच्या जुन्या कित्येक बाइकचा हेडलाइट बॅटरीवर नसतोच. मॅग्नेटोतून (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातून) येणाऱ्या एसी करंटवर तो चालतो, म्हणून रेस केली की उजळतो आणि सिग्नलला मंदावतो. तो मंदावणं हा बिघाड नाही. तपासताना मीटर एसी व्होल्टवर ठेवा, डीसीवर आकडाच येणार नाही. बल्ब वारंवार उडत असेल तर रेग्युलेटर आणि त्याची अर्थ बघा. चेसिसवर तो ज्या बोल्टनं बसतो तिथं गंज चढला की व्होल्ट आवरले जात नाहीत. टेललाइटचा बल्बही तपासा. तो गेलेला असेल तर त्याचा वाटाही हेडलाइटवर येतो. हँडलच्या खाली वायरीचा जुडगा वळतो, तिथं वायर आत तुटते. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून दिवा जातो का ते बघा. १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींत हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो, त्यांना चालू-बंदचा स्विच नाही, म्हणून तिथं शोध होल्डर आणि कपलरपासूनच सुरू करायचा.

काच, रिफ्लेक्टर आणि नेम

व्होल्ट पूर्ण आले, बल्ब नवा, तरी उजेड नाही? मग रिफ्लेक्टर बघा. आतला चंदेरी थर उडून राखाडी झाला असेल तर कुठलाच बल्ब तो भरून काढणार नाही. तो फडक्यानं पुसायला जाऊ नका, उरलेला थरही निघून येईल. दिव्याचा संच बदला. आत पाणी साचत असेल तर मागची रबरी टोपी फाटली आहे का आणि खालचं बारीक भोक चिखलानं बुजलं आहे का ते बघा. प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर १००० नंतर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा, मग पॉलिश लावा. हे काही महिनेच टिकतं, वरून संरक्षक थर लावला तर जरा जास्त.

शेवटचं काम नेम धरण्याचं, आणि बल्ब किंवा संच बदलला असेल तर ते टाळू नका. सपाट जमीन आणि सरळ भिंत हवी, एमआयडीसीतल्या शेडची किंवा शाळेच्या पटांगणाची चालेल. टायरात हवा बरोबर, टाकी साधारण अर्धी, चालवणाऱ्याच्या जागी कुणीतरी बसलेलं. गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून भिंतीवर खडूनं आडवी रेघ मारा, तिच्या खाली १० सेंटिमीटरवर दुसरी. जागा कमी असेल तर ५ मीटरवर ५ सेंटिमीटर. डिप्पर लावा, एक दिवा कापडानं झाका, काच प्लास्टिकची असेल तर फार वेळ नको. उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर बसली पाहिजे आणि डाव्या बाजूला ती तिरकी वर चढली पाहिजे, कारण आपण डावीकडून चालतो आणि पायवाट, सायकलवाला, मैलाचा दगड त्याच बाजूला असतो. ती कड उजवीकडे चढत असेल तर संच उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशासाठीचा आहे, तो परत करा. दिव्यामागचे दोन स्क्रू, एक वर-खाली आणि एक डावी-उजवी. अर्धा अर्धा फेरा फिरवत कड जागेवर आणा, मग दुसऱ्या दिव्याला तेच. १५ वर्षं पूर्ण झालेल्या खासगी गाडीची नोंदणी नव्यानं करताना आरटीओच्या तपासणीतही हेडलाइट बघितले जातात. मागे माणसं आणि सामान भरून फोंड्याकडे उतरणार असाल तर तेवढं वजन टाकून भिंतीसमोर आणखी एकदा बघा. मागचा भाग दबला की कड वर जाते, आणि ज्या गाड्यांत डॅशबोर्डवर उंचीचं चाक असतं त्यांत ते एक-दोन आकडे फिरवून ती पुन्हा खाली आणता येते.